तांबडी खूण

उचगावातल्या एका दोन खोल्यांच्या घरात दाराला टेकण म्हणून ओतीव लोखंडाचा एक ब्रॅकेट होता. साडेचार किलोचा. गल्लीत वारं शिरलं की दार धाडकन आपटायचं, म्हणून तो उंबऱ्यापाशी लावून ठेवलेला. त्याच्या एका अंगाला रुपयाएवढा तांबडा ठिपका. घरी आलेला पाहुणा एकदा तरी त्याला ठेचकाळायचा आणि विचारायचा, ‘‘हे काय ठेवलंय मधेच?’’ ज्ञानदेव हसून म्हणायचा, ‘‘ते आमचं मास्तर हाय.’’

ज्ञानदेव गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत होता. काम इन्स्पेक्शनचं. फेटलिंगमधून घासून-पुसून आलेला माल त्याच्या टेबलावर यायचा. आधी नजर, मग हातोडीचा हलका ठोका, मग गेज. बरोबर मालाला हिरवी खूण, चुकलेल्याला तांबडी. कामाला लागला त्या पहिल्याच वर्षी एका पाळीत त्यानं चाळीस ब्रॅकेट तांबडे केले होते. फोरमन आला. ढिगाकडं बघून म्हणाला,

‘‘कारण?’’

‘‘गेज बसत नाही.’’

‘‘ही तक्रार झाली. कारण सांग.’’

ज्ञानदेव गप्प. फोरमननं कपाटातलं दुसरं गेज आणलं आणि एकेका ब्रॅकेटमध्ये घालून बघितलं. चाळीसच्या चाळीस बसले. पहिल्या गेजलाच कुठंतरी पडून मार लागला होता. माल चोख होता, माप वाकडं होतं.

एकोणचाळीस नगांचा रंग पुसून ते गाडीत चढले. चाळिसावा फोरमननं ज्ञानदेवाच्या हातात दिला. ‘‘हा घरी ने. रंग पुसू नको. आणि ध्यानात ठेव, तांबडी खूण सगळ्यांना सारखीच दिसते, पण दोष सारखा नसतो. कुठं मापच चुकलेलं असतं. कुठं धातू पुरलेला नसतो, तो नग परत वितळायचा नि परत ओतायचा, त्याच्यावर वाद घालायचा नाही. आणि कुठं ब्लो होल असतं, त्यात कुणीतरी लांबी भरून वरनं रंग मारलेला असतो. तसला नग सुटला तर गाडीखाली माणूस मरतो. म्हणून खुणेशेजारी कारण लिही. कारण नसलेली खूण म्हणजे नुसता रंग.’’

त्या दिवसापासून ज्ञानदेवाच्या टेबलावरून एकही नग कारणाशिवाय परत गेला नाही.

नऊ वर्षं गेली. २०२१चा जुलै आला. आधीच लॉकडाऊननं कंबरडं मोडलेलं, त्यात पंचगंगा चढली. राजाराम बंधाऱ्यावर पाण्यानं ४३ फुटांची धोक्याची रेषा मागं टाकली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पुण्याकडं निघालेला माल जागच्या जागी थांबला. पाणी ओसरलं, पण ऑर्डरी आल्या नाहीत. ३१ जुलैला संध्याकाळी फौंड्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुपरवायझरचा मेसेज पडला : ‘ऑर्डर नसल्यामुळे खालील १९ जणांचे काम आजपासून बंद. हिशोब १० तारखेला.’ खाली नावं. सातवं नाव ज्ञानदेवाचं.

दहा तारखेला पगाराचा हिशोब मिळाला. पत्र नाही, नोटीस नाही. ज्ञानदेवानं डबा घेतला, टेबलाच्या खणातला आपला तांबडा खडू घेतला आणि घरी आला.

महिना गेला. किराणा वहीवर चढू लागला. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, ईएसआयमधनं, म्हणजे कामगार विम्यातनं, बेकारीचे पैसे मिळतात. मुलीनं, ऋतुजानं, मोबाईलवरून अर्ज भरला. त्याची प्रत, आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स घेऊन ज्ञानदेव विमा महामंडळाच्या शाखेत देऊन आला. ऑक्टोबरात चौकशीला गेला, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी संगणकात बघून एक कागद छापून दिला. वरच ठळक अक्षरात लिहिलं होतं : नामंजूर. ज्ञानदेवानं तेवढंच बघितलं, कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि खिशात घातली.

बाहेर चहाच्या टपरीवर एक जण टेकून उभा होता. पायात पॉलिश केलेली चप्पल, काखेत फाईल. ‘‘नामंजूर झालं न्हवं? होणारच. ही कामं अशी होत नसत्यात, भावा. दोन हजार द्या, पुढच्या महिन्यात खात्यावर जमा.’’

ज्ञानदेवाजवळ दोनशेही नव्हते. तो चालत सुटला.

त्याच वाटेला बाजी भेटला. बाजी त्याच फौंड्रीत भट्टीवर होता. पुराच्या आधीच, जूनमध्ये, चाकणला जास्त पगार मिळतोय म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं राजीनामा लिहून दिला होता. चाकणचं काम काही जमलं नाही आणि गडी हात हलवत परत आला. सोबत सचिन होता, मोल्डिंगमधला पोरगा. एकोणीस जणांत त्याचंही नाव होतं. त्याचाही अर्ज नामंजूर झाला होता.

‘‘सगळ्यांनाच नाही म्हणत्यात,’’ बाजी म्हणाला. ‘‘एकाला द्यायचं न्हाई असं ठरवूनच बसल्यात. मी तर त्या फाईलवाल्यालाच गाठतो. काढून टाकलं म्हणून लिहायचं, त्याला काय हुतंय.’’

ज्ञानदेव काही बोलला नाही. मनातून त्यालाही तेच वाटत होतं. खिडकी एक, उत्तर एक, म्हणजे डावही एकच असणार.

रात्री जेवणं झाली. वारं सुटलं तसं दार आपटायला लागलं. बायकोनं, सुनीतानं, पायानंच ब्रॅकेट सरकवून दाराला लावला आणि भांडी घासता घासता सहज विचारलं, ‘‘अहो, ह्या तांबड्या ठिपक्याजवळ तुम्ही काय लिहिलेलं?’’

‘‘काहीच न्हाई. म्हणून तर फोरमननं घरी दिला.’’

‘‘आणि त्या खिशातल्या कागदावर?’’

ज्ञानदेव जरा चिडलाच. ‘‘नामंजूर लिहिलंय. आणि काय लिहिणार?’’

‘‘खाली काय लिहिलंय?’’

तो तिच्याकडं बघत राहिला. नऊ वर्षं ज्यानं दुसऱ्याच्या खुणेला कारण मागितलं, त्यानं आपल्यावर उठलेली खूण वाचलीच नव्हती. शर्टाच्या खिशातून पुडी काढली. घड्या उलगडल्या. खाली बारीक अक्षरात इंग्रजी ओळ होती. ऋतुजानं दिव्याखाली धरून वाचली : ‘‘पप्पा, लेफ्ट सर्व्हिस. म्हणजे... तुम्ही स्वतः नोकरी सोडली, असं लिहिलंय.’’

‘‘मी? मी कवा सोडली?’’

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो आबांच्या ओट्यावर जाऊन बसला. आबा सूतगिरणीतून रिटायर झालेले. खरं तर रिटायर नव्हे, गिरणीच २००४च्या दिवाळीत बंद पडली. गल्लीत कुणाला रेशन कार्डापासून पेन्शनपर्यंत काहीही अडलं की माणसं आबांकडं येत. त्यांच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती आणि तिच्यात गिरणीतल्या पहिल्या पगाराच्या चिठ्ठीपासून सगळं जपून ठेवलेलं.

आबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सारला. ‘‘ज्ञानू, हे बघ. आधी एक सांग, तू हे काय समजून मागाय लागलाईस? सरकारची दया?’’

‘‘तसंच म्हणायचं की.’’

‘‘चुकलास. पगाराची चिठ्ठी आण.’’

चिठ्ठी आली. १३,५०० पगार. कामगार विम्याचे कापलेले १०२ रुपये. आबांनी बोट ठेवलं. ‘‘शंभराला पाऊण रुपया तुझा, सव्वातीन रुपये मालकाचे. म्हणजे तुझे १०२, त्यांचे ४३९, महिन्याच्या महिन्याला. दवाखाना, आजारपणाची रजा आणि ही बेकारी, सगळं त्याच थैलीतनं येतं. ही भीक नव्हं. पण कुणी मागंल त्याला वाटायचं, असंही नाही. थैलीला तोंड हाय आणि तोंडाला माप हाय. तू गेजवाला माणूस, तुला सांगायला पायजे का? पोरी, वाच त्या अटी. एकेक करून.’’

ऋतुजा मोबाईलवरून वाचू लागली. योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. सुरू १ जुलै २०१८पासून. सुरुवातीला सरासरी रोजाचा पाव हिस्सा मिळायचा, कोरोनात तो निम्मा केला. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस.

‘‘पहिली अट,’’ आबा म्हणाले.

‘‘विमा दोन वर्षं तरी असावा.’’

‘‘नऊ. बसतंय. दुसरी?’’

‘‘काम सुटण्याच्या लगेच आधीच्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी. अंशदान काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च.’’

‘‘म्हणजे तुझा ऑक्टोबर २०२० ते मार्च २०२१. त्यात किती दिवस भरलास?’’

‘‘एक खाडा न्हाई.’’

‘‘बसतंय. पुढं.’’

‘‘त्याआधीच्या तीन काळांपैकी कुठल्याही एकात परत ७८ दिवस.’’

‘‘बसतंय. आता कुणाला मिळत न्हाई ते वाच.’’

‘‘स्वतः काम सोडलं तर नाही. वयानं निवृत्त झाला तर नाही. गैरवर्तनासाठी काढलं तर नाही. बेकायदा ठरलेल्या संपात असेल तर नाही. दुसरीकडं काम लागलं की त्या दिवसापासून नाही.’’

आबांनी कागद परत ज्ञानदेवाच्या हातात दिला. ‘‘झालं. सगळीकडं गेज बसतंय, एका जागी अडलंय. आणि त्या जागी माल न्हाई, मापच वाकडं हाय. तू सोडली न्हाईस. तुला काढलंय. मग ‘सोडली’ असं लिहिलं कुणी?’’

ते शाखेत जाऊन कळलं. खिडकीवरच्या बाईंनी न कुरकुरता पडदा वळवून दाखवला. मालक दर महिन्याला कामगारांची वर्गणी ऑनलाइन भरतो. ज्याचे कामाचे दिवस शून्य, त्याच्यापुढं कारणाचा आकडा टाकायचा असतो. कारणांची यादीच असते. दोनला नोकरी सोडली. दहाला कपात. अकराला काम नाही. ऑगस्टच्या यादीत एकोणीस जणांपुढं एकोणीस वेळा दोन. बाई म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं जे लिहून येतं तेच आम्हाला दिसतं. ते दुरुस्त झालं, की तुमचा अर्ज परत बघता येईल.’’

ज्ञानदेवाला वाटलं, कारकुनाची चूक असेल. यादीत दोन वर असतो, हाताला आधी तोच लागला असेल. आबा हसले.

‘‘असंलही. पण दोनाला एक सोय हाय. नोकरी तू सोडलीस तर मालकाला तुला नोटीस नि भरपाई द्यावी लागत नाही. आणि कपात केली तर? एक महिन्याची नोटीस, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-फ म्हणून हाय. तुझी नऊ वर्षं, म्हणजे १३५ दिवसांचा पगार. एका आकड्यानं तुझं दोन्हीकडचं तोंड बंद.’’

‘‘मग भांडू?’’

‘‘भांडू नको. लिही.’’

आबांनी एक नियम घालून दिला : जे बोलायचं ते कागदावर, आणि कागदाच्या दोन प्रती. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, सही. ‘‘पोहोच नसंल तर अर्ज केलाच न्हाईस असं समज.’’ मग पुरावा. ज्ञानदेव म्हणाला, पत्र तर दिलंच नाही, पुरावा कुठला? तेवढ्यात ऋतुजानं मोबाईल पुढं केला. ग्रुपमधून त्याला अजून कुणी काढलं नव्हतं. ३१ जुलैचा मेसेज तसाच होता : ‘ऑर्डर नसल्यामुळे... काम आजपासून बंद.’ तारीख, वेळ, नावं, सगळं जागच्या जागी.

ज्ञानदेव फौंड्रीत गेला. मालक केबिनमध्ये होते. अर्ज वाचून म्हणाले, ‘‘अरे ज्ञानदेव, दोन लिहिलं काय नि दहा लिहिलं काय, काम तर नाहीच आहे ना?’’

ज्ञानदेवाचा आवाज चढला नाही. ‘‘मालक, नऊ वर्षांत मी एखाद्या नगावर ब्लो होलऐवजी साचा सरकला असं लिहिलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता का, की नाहीतरी रिजेक्टच आहे? तुम्हीच मला विचारलं असतं, खरं कारण लिही म्हणून. मी तेवढंच मागतोय. बाकीच्या हिशोबाचं सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात बोलू. आज फक्त झालं ते लिहा.’’

मालकांनी त्या दिवशी काही लिहिलं नाही. पण अर्जावर पोहोच दिली.

घरी आल्यावर आबांनी पुढच्या पायऱ्या सांगितल्या, एखाद्या जिन्यासारख्या. पहिली, शाखा व्यवस्थापकाकडं लेखी म्हणणं : नामंजुरीचा कागद, मेसेजची छापील प्रत, पगाराच्या चिठ्ठ्या, मालकाकडची पोहोच. तिथं झालं नाही तर महामंडळाच्या वरच्या कार्यालयात तक्रार. तिथंही नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर. आणि सगळ्यात वर कर्मचारी विमा न्यायालय. १९४८च्या कामगार विमा कायद्याचं कलम ७५. लाभाचा हक्क कुणाला, किती आणि किती दिवस, हा वाद तिथं चालतो. मुदत तीन वर्षं. त्याच्याही वर हायकोर्ट, पण तिथं कायद्याचा मोठा प्रश्न असेल तरच.

‘‘एवढं सगळं चढायचं?’’ ज्ञानदेवाला धाप लागल्यासारखं झालं.

‘‘जिना माडीपर्यंत असला म्हणून दर वेळी माडीवर जावं लागतं का? बहुतेकांचं काम पहिल्या-दुसऱ्या पायरीवर हुतंय. फक्त माणसं अंगणातनंच परत फिरत्यात.’’

ज्ञानदेव पहिली पायरी चढला. शाखेत अर्ज दिला, एक प्रत कामगार आयुक्तांच्या ऑफिसात दिली. तीन आठवड्यांनी फौंड्रीतून शाखेकडं पत्र गेलं : एकोणीस कामगारांबाबत कारण नजरचुकीनं दोन नोंदवलं गेलं, ते कपात असं वाचावं. मालकाचं मन वितळलं, की आयुक्तांच्या ऑफिसातल्या प्रतीनं ऊब दिली, ते कुणी विचारलं नाही.

एका माणसानं कारण वाचलं आणि एकोणीस जणांच्या नावापुढचा आकडा बदलला.

पण सचिनचा अर्ज परत नामंजूरच झाला. तो रडकुंडीला येऊन आबांकडं आला. ‘‘आता तर दहा लिहिलंय, आबा! आता का न्हाई?’’

आबांनी त्याचा कागद वाचला. या वेळी कारण वेगळं होतं. सचिनला कामाला लागून चौदाच महिने झालेले. दोन वर्षांची अट भरत नव्हती.

‘‘अपील करू की,’’ सचिन म्हणाला. ‘‘ज्ञानूदादानं केलं तसं.’’

‘‘पोरा, त्याचं माप चुकलेलं. तुझं माप बरोबर हाय, धातू कमी हाय.’’ आबांनी पेटी पुढं ओढली, तळातून एक पिवळा पडलेला कागद काढला. गिरणीनं सूत कातायचं थांबवलं तेव्हाचा. ‘‘आमची गिरणी २००४च्या दिवाळीत बंद पडली. बेकार झालेल्या विमाधारकाला भत्ता द्यायची पहिली योजना आली १ एप्रिल २००५ला. राजीव गांधींच्या नावाची. पाच महिने. पाच महिन्यांनी हुकलो. दोन वर्षं मी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्या, साहेबांना शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्या कारकुनानं समोर बसवून सांगितलं, तुमच्यावर अन्याय कुणी केला न्हाई, तुमची तारीख आधी आली. त्या दिवशी राग गेला. तेवढी दोन वर्षं मी दुसरं काम शोधण्यात घालवली असती तर!’’

मग त्यांनी सचिनला त्याचं विम्याचं पेहचान कार्ड काढायला लावलं. ‘‘हा नंबर बघ. फौंड्री बदलली तरी हा बदलत न्हाई. नवीन कामावर दुसरा नंबर काढू देऊ नको, हाच दे. चौदा महिने वाया गेले न्हाईत, ते नंबरापाशी जमा हाईत. परत ओत, पुरतंय बघ.’’

सचिन डोळे पुसत गेला. पुढच्याच महिन्यात तो शिरोलीला एका मशीन शॉपमध्ये लागला आणि पहिल्या दिवशी त्यानं आबांच्या सांगण्याप्रमाणं जुनाच नंबर दिला.

राहिला बाजी. त्यानं फाईलवाल्याला दोन हजार मोजले होते. अर्जात छातीठोकपणे लिहिलं होतं, कामावरून काढलं. शाखेनं फौंड्रीकडं पडताळणी केली. फौंड्रीच्या फाईलमध्ये बाजीच्या हस्ताक्षरातलं राजीनामापत्र होतं, खाली त्याचीच ठसठशीत सही. अर्ज फेटाळला गेला. फाईलवाल्याचा फोन त्या दिवसापासून लागेना.

बाजी आला तो तणतणतच. ‘‘आबा, ज्ञान्याचं झालं, मग माझं का न्हाई? आता मला पण वरच्या पायरीवर न्या.’’

‘‘वरच्या पायरीवर काय सांगशील? हे पत्र माझं न्हाई म्हणून?’’

बाजी गप्प झाला.

‘‘नशीब समज नुसता अर्ज फेटाळला. खोटं लिहून लाभ मागितला तर त्याच विमा कायद्यात कलम ८४ हाय. सहा महिन्यांपर्यंत कैद, न्हाईतर दोन हजारांपर्यंत दंड, न्हाईतर दोन्ही. एजंटाला दोन हजार देऊन तू दोन हजारांच्या दंडाची वाट विकत घेतलीस.’’

ज्ञानदेव शेजारीच बसला होता. बाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘भावा, ब्लो होल असलं म्हणून नगाची लाज न्हाई. तू चांगल्या पगारासाठी गेलास, त्यात चूक काय? चूक लांबी भरल्याची हाय.’’

आबांनी विचारलं, ‘‘पीएफ काढलास?’’

‘‘त्यो काढता येतोय?’’

‘‘हे बघा! जे तुझं न्हाई त्याच्यामागं दोन हजार घालवलंस, आणि जे तुझं हाय ते विचारलंसुद्धा न्हाईस. काम सुटून महिना झाला की पीएफमधला ७५ टक्के काढता येतो, दोन महिने झाले की उरलेला. त्याला काढलं का सोडलं, कुणी विचारत न्हाई.’’

बाजीनं डोक्याला हात लावला. ऋतुजाला आणखी एक अर्ज भरावा लागला.

२०२२च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आधी दोन दिवस, ज्ञानदेवाच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला. हिशोब ऋतुजानं आधीच वहीत मांडून ठेवला होता : चार अंशदान काळांतली मिळून कमाई २,९२,००० रुपये, भागिले ७३० दिवस, सरासरी रोज ४००, त्याच्या निम्मे २००, गुणिले ९०. मेसेजमधला आकडा आणि वहीतला आकडा एकच होता. १८,००० रुपये. किराण्याची वही फिटली, ऋतुजाची फी भरली, तिळगुळाला तूप आलं. अठरा हजारांनी जन्म सरत नाही. पण पुढचं काम लागेपर्यंत ज्ञानदेवाला मिळेल त्या पहिल्या हमालीला हात पसरावा लागला नाही. फेब्रुवारीत त्याला दुसऱ्या फौंड्रीत इन्स्पेक्शनचंच काम मिळालं. नऊ वर्षांच्या नोकरीपोटीच्या कपात-भरपाईचं प्रकरण कामगार आयुक्तांच्या ऑफिसात चालू राहिलं. तिथली पोहोच सुनीतानं डब्यात जपून ठेवली. तांदळाच्या डब्याशेजारी आता तिच्याही घरात एक पत्र्याचा डबा होता.

एका रविवारी ज्ञानदेवानं दारातला ब्रॅकेट उचलून ओट्यावर ठेवला. फडक्यानं पुसला. फौंड्रीतून आणलेला तांबडा खडू अजून घरात होता. जुन्या ठिपक्याशेजारी त्यानं, नऊ वर्षांनी का होईना, कारण लिहिलं : ‘माल बरोबर. माप चूक.’

सुनीता म्हणाली, ‘‘आता ह्याला पास करून टाका की. हिरवी खूण मारा.’’

‘‘नको,’’ तो म्हणाला, ‘‘हिरवी मारली तर कुणी वाचणार न्हाई.’’ आणि वारं सुटायच्या आत त्यानं तो परत उंबऱ्याला लावला.

तात्पर्य : नकार आला की आधी त्याचं कारण वाचावं. चूक मापाची असेल तर लेखी दाद मागावी, चूक आपल्या मालाची असेल तर पुन्हा ओतावं. लांबी मात्र कधी भरू नये.